गहू, आतडे आणि ताट : सिलिअ‍ॅक रोगाची ओळख व पथ्यविचार



स्मृतिव्याख्यानमालांतून सहसा साहित्य, इतिहास किंवा समाजकारण यांचा परामर्श घेतला जातो. त्या परंपरेत आतड्याच्या एका रोगाविषयी बोलण्याची मुभा आपण दिलीत, याबद्दल प्रथम संस्थेचे आभार मानणे माझे कर्तव्य आहे. हा विषय शाळेच्या व्यासपीठावरून मांडण्यास सबळ कारण आहे. हा रोग पुष्कळदा शाळकरी वयात डोके वर काढतो, आणि त्याची पहिली चिन्हे डॉक्टरांच्या आधी वर्गशिक्षकांच्या नजरेस पडू शकतात. वर्गात सर्वांत बुटका राहिलेला मुलगा, सतत थकलेली व फिकट दिसणारी मुलगी, पोटदुखीमुळे वरचेवर गैरहजर राहणारे मूल, ही ती चिन्हे होत. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. या रोगावरचा उपचार आहाराचा आहे, आणि आपल्याकडे आहार ही एकट्याची बाब नसते. तो घराच्या, पंगतीच्या, शाळेच्या डब्याच्या आणि देवाच्या प्रसादाच्या वाटेने येतो. म्हणून रोग एकाला झाला तरी त्याचे पथ्य भोवतालच्या सर्वांना समजलेले असावे लागते. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

नाव आणि इतिहास

'सिलिअ‍ॅक' हा शब्द पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. कॅपाडोशियाचा वैद्य अरेटिअस याने सुमारे १८०० वर्षांपूर्वी अशा रुग्णांचे वर्णन केले होते. अन्न न पचता बाहेर पडते, रुग्ण कृश व निस्तेज होतो आणि दुखणे दीर्घकाळ चालते, हे त्याने अचूक टिपले. आधुनिक वैद्यकातील पहिले सुस्पष्ट वर्णन मात्र लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांचे. १८८७ साली त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले आणि पुढील वर्षी ते छापून प्रसिद्ध झाले. रुग्ण बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल, असे त्यांचे मत होते. परंतु कोणत्या आहाराने, हे कोडे त्यांना उलगडले नाही. त्यांनी भात व साबुदाणा वर्ज्य ठरवला आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेला पाव चालेल असे सांगितले! आज आपण नेमके उलटे सांगतो. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज उत्तम डच शिंपल्यांचे मांस दिले जाई. त्यावर ते मूल चांगले सुधारले, पण शिंपल्यांचा हंगाम सरताच दुखणे उलटले.

१९२४ साली अमेरिकेत डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार पुढे आणला. त्यात पाव व तृणधान्ये वर्ज्य असल्याने मुले सुधारत, पण श्रेय केळ्यांना मिळे. मूल बरे झाले असे मानून पुन्हा पाव सुरू केला की आतड्याची हानीही पुन्हा सुरू होत असे.

कोडे सोडवले ते नेदरलंड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी. हेग येथील बालरुग्णालयात १९३० च्या दशकातच त्यांना गव्हाचा संशय आला होता आणि त्यांनी गहूविरहित आहाराचे प्रयोग आरंभले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, त्या देशात अन्नाचा भीषण दुष्काळ पडला. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. पाव दुर्मिळ झाला तेव्हा सिलिअ‍ॅक रोगाच्या मुलांची प्रकृती बिघडली नाही, आणि पाव परत आल्यावर ती ढासळली. या अनुभवाने डिके यांच्या जुन्या संशयास बळकटी आली. १९५० साली त्यांनी उट्रेख्ट विद्यापीठास आपला प्रबंध सादर केला. १९५२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी गव्हाचे घटक वेगळे करून तपासले. पिष्ट निर्दोष असून दोष ग्लूटेन या प्रथिनाचा आहे, असे त्यांना दिसून आले. भारतातही हा रोग नवा नाही. उत्तर भारतीय मुलांतील सिलिअ‍ॅक रोगाविषयीचा निबंध १९६६ सालीच एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

ग्लूटेन म्हणजे काय, आणि शरीरात काय घडते?

मळलेल्या कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळत राहिले तर पांढरे पिष्ट वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. ते ग्लूटेन. या चिवटपणामुळे पोळी लाटता येते, पुरण भरले तरी फाटत नाही, पाव फुगतो. ज्वारी-बाजरीत हे प्रथिन नसते, म्हणून भाकरी थापावी लागते. आपल्या आया-आज्यांना हा भेद हाताने ठाऊक होता. सिलिअ‍ॅक रोगाचे बरेचसे पथ्य या एका भेदात सामावले आहे. मात्र जव व राय या धान्यांतही ग्लूटेनच्या जवळची प्रथिने असतात, म्हणून तीही वर्ज्य ठरतात.

आपल्या लहान आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांना उद्वर्ध म्हणतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. ग्लूटेनचे काही तुकडे पाचक रसांना पूर्णपणे तोडता येत नाहीत. बहुतेकांच्या शरीरात त्यामुळे काही बिघडत नाही. परंतु विशिष्ट आनुवंशिक घडण असलेल्या काही व्यक्तींत हे तुकडे अस्तराच्या आत शिरतात. तेथे 'टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज' नावाचे विकर त्यांच्यात बदल घडवते आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू समजून चवताळते. त्या चकमकीत स्वतःचेच अस्तर घायाळ होते. उद्वर्ध खुरटतात, सपाट होतात आणि लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांचे शोषण मंदावते. खाल्लेले अंगी लागत नाही असे आपण म्हणतो, ते येथे शब्दशः खरे ठरते.

हे वावडे नव्हे आणि साधे अपचनही नव्हे. हा स्वप्रतिरक्षित रोग आहे, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणारा. गव्हाच्या खऱ्या अ‍ॅलर्जीत अंगावर पित्त उठणे, सूज येणे, दम लागणे असे विकार खाल्ल्यावर लवकर होतात. सिलिअ‍ॅक रोगात हानी संथपणे आणि पुष्कळदा निःशब्दपणे होत राहते.

गव्हाचा प्रदेश आणि आपण

रोगाची आनुवंशिक पूर्वतयारी 'एचएलए डीक्यू-२' व 'डीक्यू-८' या गुणघटकांशी जोडलेली आहे. सुमारे एक तृतीयांश लोकांत ते असतात, पण रोग होतो तो सुमारे शंभरात एकाला. म्हणजे गुणघटक आवश्यक, पण पुरेसे नव्हेत. गहू खाल्ला जाणे ही दुसरी अट आहे, आणि इतरही काही कारणे असावीत.

या संदर्भात २०१६ साली प्रसिद्ध झालेली एक भारतीय पाहणी उद्बोधक आहे. देशाच्या उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांतील २३,००० हून अधिक प्रौढांची तीत तपासणी झाली. सिलिअ‍ॅक रोगाचे प्रमाण उत्तरेत हजारी सुमारे साडेआठ, ईशान्येत सुमारे साडेचार, तर दक्षिणेत हजारी एकाहूनही बरेच कमी आढळले. अनुकूल गुणघटकांचे प्रमाण मात्र तिन्ही भागांत जवळजवळ सारखे होते. फरक होता ताटात. उत्तरेत गव्हाचे सरासरी दैनिक सेवन ४५५ ग्रॅम होते, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. दिल्ली परिसरातील, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीतही सुमारे ९६ व्यक्तींमागे एक रुग्ण आढळला होता.

इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास येथील आपल्या मराठी घरांनी या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. आपले पूर्वज होळकर, शिंदे, पवार यांच्याबरोबर ज्या मुलखातून येथे आले, तेथे कोठे ज्वारी-बाजरीची भाकरी तर कोठे भात हे रोजचे अन्न होते. माळव्यात पिढ्यानपिढ्या राहून आपण येथील दाल-बाफले आपलेसे केले आणि दोन्ही वेळा गव्हाची पोळी हा आपला नित्यक्रम झाला. अनुवंश बरोबर आला आणि ताट बदलले. यावरून गहू वाईट ठरत नाही. ज्याला हा रोग नाही त्याने गहू सोडण्याचे कारणही नाही. पण गव्हाच्या प्रदेशात राहणाऱ्या समाजाला या रोगाची जाण असलीच पाहिजे.

लक्षणे : उघड आणि छुपी

पुस्तकी चित्र असे आहे : गव्हाचे पदार्थ सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी बाळाला जुलाब लागतात, पोट फुगते, हातपाय काडीसारखे होतात, मूल चिडचिडे बनते. पण कित्येक रुग्णांना जुलाब होतच नाहीत. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, खुंटलेली उंची, लांबलेले वयात येणे, तोंडातील वरचेवर उठणारे व्रण, बद्धकोष्ठता, हाडांचा ठिसूळपणा, यकृताच्या तपासणीतील अकारण बिघाड, वंध्यत्व किंवा वारंवार होणारे गर्भपात, अशा निरनिराळ्या रूपांनी तो समोर येतो. कोपर, गुडघे आणि ढुंगण यांवर उठणारा, अतिशय खाजणारा, पुटकुळ्यांचा एक त्वचारोगही याच रोगाचे अंग आहे.

अशा वेळी घरातून ठरावीक उत्तरे मिळतात. "आमच्या घराण्यात सगळे बुटकेच", "जंत झाले असतील", "मुलीची जात, खाण्याची नखरेल." ही उत्तरे प्रेमापोटी दिलेली असतात, पण त्यांत वर्षे निघून जातात, आणि वाढीच्या वयात गेलेली वर्षे सहजी भरून येत नाहीत. पहिल्या प्रकारचा मधुमेह, थायरॉइडचे स्वप्रतिरक्षित विकार व डाउन सिंड्रोम असलेल्यांत हा रोग अधिक आढळतो. रुग्णाच्या आई-वडील, भावंडे व मुले यांपैकी शंभरात सुमारे सात ते दहा जणांना तो असू शकतो. म्हणून घरात एकाचे निदान झाले की सख्ख्या नातलगांनी, त्रास नसला तरी, तपासणी करून घ्यावी.

निदान : आधी तपासणी, मग पथ्य

पहिली पायरी रक्ततपासणीची. 'टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज' या विकराविरुद्धची 'आयजीए' प्रकारची प्रतिपिंडे तपासतात. १९९७ साली या विकराचा रोगाशी असलेला संबंध उघड झाल्यापासून ही तपासणी सर्वत्र रूढ झाली. काही व्यक्तींत 'आयजीए' मुळातच कमी असते व त्यामुळे तपासणी फसवी ठरू शकते, म्हणून एकूण 'आयजीए' चे मापनही करतात. दुसरी पायरी दुर्बिणीद्वारे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातून अस्तराचे बारीक तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची. लहान मुलांत प्रतिपिंडांचे प्रमाण अतिशय वाढलेले असून पुढील रक्ततपासणीनेही त्यास पुष्टी मिळाली, तर तज्ज्ञ हा तुकडा न घेताही निदान करू शकतात. तो निर्णय सर्वस्वी तज्ज्ञांचा असावा.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. तपासणीपूर्वी गहू बंद करू नये. आजकाल कोणाच्या तरी सल्ल्याने पोट बिघडले की आधी पोळी सोडण्याची प्रथा पडली आहे. गहू थांबला की प्रतिपिंडे घटतात, उद्वर्ध सावरू लागतात आणि तपासणी निर्दोष निघते. मग रोग आहे की नाही हे कळण्यासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो, आणि बरे वाटू लागलेल्या मुलाला मुद्दाम आजारी पाडणे कोणत्याही आईला जड जाते. जन्मभराचे पथ्य सुरू करायचे, तर ते खात्रीच्या निदानावर उभे असले पाहिजे.

पथ्य : किती आणि किती काळ?

गहू, जव आणि राय यांचा संपूर्ण त्याग, तोही आजन्म, एवढाच आज या रोगाचा सिद्ध उपचार आहे. औषधांवर संशोधन चालू आहे, परंतु पथ्याची जागा घेईल असे मान्यताप्राप्त औषध अद्याप हाती आलेले नाही. पथ्य सुरू केल्यावर कित्येकांना काही आठवड्यांतच उतार पडतो, भूक लागते, मुलांचे वजन वाढू लागते. आतड्याचे अस्तर पूर्ववत व्हायला मात्र महिने, प्रौढांत कधी कधी वर्षेही लागतात. आरंभी लोह, फॉलिक आम्ल, जीवनसत्त्व ब-१२ व ड, कॅल्शियम यांची कमतरता भरून काढावी लागते. रक्ततपासणी आणि वजन-उंचीची नोंद नियमित ठेवावी लागते.

"एखाद्या दिवशी खाल्ले तर काय होते?" हा प्रश्न प्रत्येक रुग्णाच्या घरी विचारला जातो. त्याचे उत्तर हिशेबाने देता येते. मध्यम आकाराच्या एका चपातीला सुमारे ३० ग्रॅम कणीक लागते आणि तीत ग्लूटेन अडीच ग्रॅमांच्या आसपास, म्हणजे अडीच हजार मिलिग्रॅम असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रुग्णांना रोज अवघे ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिले गेले. तेवढ्यानेही अस्तराची हानी दिसून आली. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे चपातीचा पन्नासावा भाग, बोटाच्या पेराएवढा तुकडासुद्धा नव्हे. म्हणूनच एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसेल तरच तो 'ग्लूटेनमुक्त' म्हणावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे आणि भारतीय अन्नसुरक्षा नियमांनीही तोच स्वीकारला आहे. खाल्ल्यावर लगेच त्रास झाला नाही, याचा अर्थ हानी झाली नाही असा नव्हे. पथ्य वर्षानुवर्षे मोडत राहिल्यास हाडे झिजतात, रक्तक्षय हटत नाही, आणि क्वचित् आतड्याचा कर्करोगही उद्भवतो.

आपल्या स्वयंपाकघरात

वर्ज्य पदार्थांची यादी सोपी वाटते, पण गहू नाना रूपांनी वावरतो. कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, बिस्किटे, खारी, नानकटाई ही उघड रूपे. पुरणपोळी, गुळपोळी, शंकरपाळी, चिरोटे, करंजी, बाफले, बाटी, जिलबी आणि मैदा घातलेले गुलाबजाम ही सणासुदीची रूपे. कुरडयांचा चीक हे मुख्यतः गव्हाचे पिष्ट असले तरी त्यात ग्लूटेन उरतेच. खपली गहू पचायला हलका अशी ख्याती आहे, पण तोही गहूच. गव्हांकुर, गव्हाचे सत्त्व, आंबवलेल्या पिठाचा पाव यांनाही सूट नाही. लहान मुलांना दिली जाणारी माल्टयुक्त शक्तिवर्धक पेये बहुधा जवापासून बनतात, तीही वर्ज्य.

याहून फसवी आहेत ती छुपी रूपे. बाजारातील खडा नसलेला, पूड स्वरूपातील हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. म्हणजे ज्या वरणभाताला आपण निर्धोक समजतो, त्याच्या फोडणीतूनच गहू शिरतो. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत कित्येक घरी मूठभर गहू घालतात. दळलेल्या मसाल्यांत, तयार सॉसमध्ये, फरसाणात मैदा असू शकतो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून नाचणी-ज्वारीच्या नावाची बिस्किटे सर्वत्र दिसू लागली. त्यांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचली तर त्यांतील पुष्कळांत गव्हाचे पीठ आढळते.

तिसरा धोका सरमिसळीचा. ज्वारी शुद्ध असेल, पण गिरणीत तिच्या आधी गहू दळला असेल तर पिठात गहू येणारच. शक्य असल्यास घरगुती चक्की घ्यावी आणि तिच्यात गहू मुळीच दळू नये. ते परवडत नसेल तर धान्य निवडून, धुऊन, वाळवून, चक्की झाडून घेतल्यावर आधी थोडे तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढावे व मग आपले दळण घ्यावे. याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. घरात परात, पोळपाट-लाटणे, तवा, चाळणी आणि पिठाचा डबा रुग्णासाठी वेगळा ठेवावा. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड तळू नयेत. त्याची भाकरी आधी करावी, पोळ्या नंतर लाटाव्यात.

आता जे खाता येते त्याकडे वळू, कारण येथे आपली परंपरा फार उदार आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे, मांस, सुकामेवा हे सारे मूळ स्वरूपात निर्धोक आहे. भाकरी, तांदळाची उकड, घावन, आंबोळी, इडली, उकडीचे मोदक, नाचणीचे सत्त्व, भुट्ट्याचा कीस, पोहे, बेसनाचे लाडू, तिळाची वडी, खीर, श्रीखंड, यांतून एकही सण सुना जाण्याचे कारण नाही. उपवासाचा फराळ तर जवळजवळ जसाच्या तसा चालतो. एकादशीला जो स्वयंपाक होतो, तो या मुलासाठी सर्वांत सुखाचा! ओट या धान्याबद्दल स्वतंत्र विचार करावा. ते बहुतेक रुग्णांना सोसते, पण बाजारातील ओटात गव्हाची सरमिसळ सर्रास असते. म्हणून शुद्धतेची हमी व तज्ज्ञांचा सल्ला असल्यासच ते घ्यावे.

पंगत, प्रसाद आणि शाळा

इथपर्यंतचे सर्व एका सुजाण आईला महिन्याभरात आत्मसात होते. खरी कसोटी उंबरठ्याबाहेर लागते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो. तो नाकारणे म्हणजे देवाचा अवमान, असे वडीलधाऱ्यांना वाटते. "चिमूटभर घे, देवाच्या प्रसादाने कधी अपाय होतो का?" असा आग्रह होतो, आणि त्या चिमटीत काय असते ते आपण पाहिलेच आहे. यावर उपाय सोपा आहे. नैवेद्याच्या वाटीशेजारी केळे, खडीसाखर वा पंचामृत असतेच. ते प्रसाद म्हणून द्यावे. भक्तिभावात काही उणे पडत नाही.

लग्नकार्यात वाढपी एकच डाव सर्व पदार्थांत फिरवतो. वाढदिवसाला केक येतो. सहलीत सर्वांचे डबे एकत्र उघडतात, आणि एक मूल कोपऱ्यात आपला डबा झाकून बसते. हे मूल पोटाच्या दुखण्याने जेवढे कष्टी होत नाही तेवढे वेगळेपणाने होते, आणि किशोरवयात त्या वेगळेपणाला कंटाळूनच चोरून समोसा खाते. त्याला रागे भरून उपयोग नाही. त्याला वेगळे पाडणारे प्रसंग कमी करणे आपल्या हाती आहे. शाळेने पालकांकडून लेखी सूचना घ्यावी, ती सर्व शिक्षकांस व खानपानगृहास कळवावी. वाटपाचा खाऊ ठरवताना राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की किंवा फळ निवडावे, म्हणजे तोच खाऊ सर्वांना मिळेल. स्नेहसंमेलनात एक पदार्थ तरी सर्वांना चालेल असा ठेवावा. डबे वाटून खाण्याची आपली सुंदर सवय मोडू नये, मात्र "याला विचारून द्या" एवढे वर्गाला शिकवावे. मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

आणखी एक नाजूक बाब आहे. उपवर मुलींच्या बाबतीत हा रोग लपवण्याकडे कल दिसतो. लपवलेल्या रोगाचे पथ्य पाळता येत नाही. सासरी पहिल्याच दिवशी पुरणपोळी समोर येते आणि संकोचाने ती खाल्ली जाते. मग रक्तक्षय, गर्भपात अशी मालिका सुरू होऊन दोष मात्र मुलीच्या माथी येतो. नीट पथ्य पाळणारी स्त्री निरोगी संसार करू शकते, तिला निरोगी अपत्ये होऊ शकतात, हे दोन्ही घरांनी मोकळेपणी समजून घेतले पाहिजे. लपवण्याजोगे यात काहीच नाही. मधुमेही सोयऱ्यासाठी बिनसाखरेचा चहा करताना आपल्याला संकोच वाटत नाही, मग भाकरीसाठी का वाटावा?

समारोप

श्रोतेहो, पुष्कळ रोगांत रुग्णाला पैसा, शस्त्रक्रिया आणि दैव यांची वाट पाहावी लागते. या रोगात निदान वेळेवर झाले आणि पथ्य निष्ठेने पाळले, तर बहुतेक रुग्ण इतरांसारखेच आयुष्य जगतात. त्यासाठी लागणारी धान्ये आपल्या बाजारात आहेत, ती रांधण्याची कला आपल्या घरात आहे. कमतरता आहे ती माहितीची, आणि आग्रह आवरण्याची. आपल्या संस्कृतीत आग्रहाला प्रेमाचे स्थान आहे, ते असावे. पण पाहुण्याला वाढण्यापूर्वी "तुम्हाला काय चालते?" असे विचारणे हाही आदरातिथ्याचाच भाग मानला जावा.

येथे शिक्षक आहेत, पालक आहेत, डॉक्टर झालेले माजी विद्यार्थीही आहेत. आपल्या परिचयात सतत फिकट, खुरटलेले, थकलेले एखादे मूल असेल, तर त्याच्या पालकांना गहू सोडा असे सांगू नका. एकदा रक्ततपासणी करून घ्या, एवढेच सांगा. आणि ज्याचे निदान झाले आहे असे मूल आपल्या घरी जेवायला आले, तर त्याच्यासाठी भाकरी आधी थापा, निर्धोक हिंगाची फोडणी द्या, आणि ते पोटभर जेवेल असे बघा.